आप्पांची पांढरी, आमची डिझेल

ज्या रविवारी आप्पांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली, त्या दिवशी सकाळपासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

आप्पा म्हणजे माझे वडील. लातूरला औसा रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं घर आहे. चाळीस वर्षं डाळीचा व्यापार केला, मग दुकान बंद केलं, मग आई गेली आणि ते त्या घरात एकटेच राहायला लागले. मी त्यांची एकुलती एक लेक, नांदेडला दिलेली. "नांदेडला चला," असं मी तीन वर्षं म्हणत होते आणि तीन वर्षं ते नाही म्हणत होते. मध्येच त्यांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. तरी गल्लीतल्या गल्लीत गाडी चालवणं त्यांनी सोडलं नव्हतं.

त्या शनिवारी ते दूध आणायला निघाले आणि कोपऱ्यावर उजवीकडून आलेली एक सायकलवाली बाई त्यांना दिसलीच नाही. बाईनं पाय टेकून सायकल थांबवली म्हणून निभावलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आप्पा तसेच दूध न घेता परत आले, गाडी पत्र्याखाली लावली, तिच्यावर कापड घातलं आणि दुसऱ्या दिवशी मी पोचले तर अंघोळ, लिंगपूजा, विभूती सगळं आवरून खुर्चीत गप्प बसून होते. जेवण झाल्यावर उठले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"आता ही तुझी. मी मागितली तरी देऊ नको."

"आप्पा, असं एकदम..."

"एकदम न्हाई. रात्रभर इचार केलाय."

ती पांढरी, छोटी, पेट्रोलवरची गाडी एकोणीस वर्षांची होती आणि चालली होती फक्त चौपन्न हजार किलोमीटर. आप्पांशिवाय तिच्या स्टेअरिंगला कोणी हात लावला नव्हता. सीटवरचं कव्हर आईनं शिवलेलं. डिकीत पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर तेल लावून फडक्यात गुंडाळलेले. ओळखीचा कोणीही ती बघून म्हणायचा, "आप्पा, गाडी नवीच हाय की अजून."

आमच्या घरी याच्या अगदी उलट प्रकार होता. माझे मिस्टर अर्धापूरला केळीचा व्यापार करतात. त्यांची राखाडी डिझेल गाडी चौदा वर्षांची आणि तीन लाख किलोमीटरच्या वर चाललेली. बागेतल्या चिखलवाटा, केळीच्या चिकाचे डाग, एका दाराला आतून हँडल नाही. त्यांनी नुकताच नवा पिकअप घेतला होता आणि डिझेल माझ्याकडे ढकलली होती. "कॉलेजला ने, न्हाईतर विकून टाक," असं म्हणून.

मी नांदेडच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. गाडी शिकले एकेचाळिसाव्या वर्षी. घर ते कॉलेज, कॉलेज ते भाजी मंडई, एवढंच चालवलेलं. लातूरला मी बसनं जायचे, तेही महिन्यातून एकदा. किल्ली घेऊन घरी आले त्या दिवशी मी ठरवलं, की आता दर शनिवारी लातूरला जायचं आणि स्वतः गाडी चालवत जायचं. आप्पांचा हिंडण्याफिरण्याचा आधार गेला होता. दवाखाना, बँक, बाजार, आठवड्याचा स्वयंपाक, हे आता कोणाला तरी करावंच लागणार होतं.

मिस्टरांना हे पटलं नाही.

"जाऊन येऊन पावणेतीनशे किलोमीटर. दर आठवड्याला! बस हाय ना."

"बसला सामान किती न्यायचं? आणि तिथं गेल्यावर आप्पांना दवाखान्यात कशावर नेऊ?"

"मग मी ड्रायव्हर देतो."

"दर शनिवारी तुमचा ड्रायव्हर मोकळा असतो का? केळीची गाडी भरायची असली की पहिला फोन त्यालाच जातो. मीच जाणार."

त्यांनी पिकअपची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "बरं. पण दोन गाड्या ठेवायला जागा न्हाई. पिकअप फाटकात असतो. पोर्चमध्ये एकच मावते. कोणती ठेवायची ते सांग, दुसरी विकू."

हे खरं होतं. आमची गल्ली एवढी अरुंद की बाहेर गाडी लावली तर दुधवाल्याची मोटारसायकल अडते. आणि कोणती ठेवायची याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार होतं. आप्पा म्हणाले, पांढरीच ठेव, तिनं मला कधी रस्त्यात सोडलं न्हाई. मिस्टर म्हणाले, डिझेल ठेव, लांबच्या रस्त्याला डिझेलच पाहिजे. कॉलेजातले सहकारी म्हणाले, दोन्ही विका.

पंचवीस वर्षं मी मुलांची रीडिंगं तपासत आले आहे. एक रीडिंग घेऊन निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलाला मी वही परत देते. इथेही तसंच करायचं ठरवलं. चार शनिवार डिझेल, चार शनिवार पांढरी. एकच रस्ता, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. एकच पंप. निघताना टायरमध्ये हवा मोजायची. सामान तेवढंच, म्हणजे दोन पिशव्या आणि डब्यांची टोपली. कॉलेजची एक जुनी प्रॅक्टिकल वही घेतली आणि रकाने आखले. किती किलोमीटर, किती लिटर, किती वेळ, अहमदपूरच्या अलीकडच्या चढाला कितव्या गिअरवर यावं लागलं आणि काय बिघडलं.

"हे तू खरंच करणार?" मिस्टरांनी विचारलं.

"तोपर्यंत पांढरी आप्पांच्या पत्र्याखालीच राहू द्या. कोणाला दाखवू नका."

जानेवारीत डिझेल काढली. पहिल्या शनिवारी लोह्यापर्यंतच माझा डावा गुडघा बोलायला लागला. क्लच इतका जड की प्रत्येक वेळी जिना चढल्यासारखं वाटायचं. सीट खोल, समोरचं बॉनेट दिसेना. मी औषधांच्या दुकानातून कंबरेची उशी आणली, सीटखाली एक जाड सतरंजीची घडी घातली, तेव्हा कुठे रस्ता दिसायला लागला. पण एकदा ती पळायला लागली की पळायची. चढाला चौथ्या गिअरवरून खाली यावं लागलं नाही. शेजारून उसाचा ट्रेलर गेला तरी ती जागची हलायची नाही. लिटरमागे अठराच्या वर किलोमीटर द्यायची. बिघडायचं मात्र दर वेळी काहीतरी. एका शनिवारी मागची काच खाली गेली ती वर येईना. एकदा डिझेलच्या फिल्टरात पाणी साचल्याचा दिवा लागला, तो नांदेडपासून लातूरपर्यंत माझ्याकडे बघत होता. वहीतला शेवटचा रकाना भरत चालला.

लातूरला आप्पांचे एक जुने मिस्त्री आहेत. आप्पांच्या दुकानाच्या टेम्पोपासून ते त्यांच्या गाड्या बघत आलेले, आता दाढी पूर्ण पांढरी झालेली. मी डिझेल त्यांच्याकडे नेली, तर त्यांनी बॉनेट उघडून नुसतं ऐकलं.

"इंजिन ठोस है, बेटी. बाकी लोकांनी मारून टाकलंय हिला. नीट ठेवली तर अजून चालंल."

मधले काही शनिवार कॉलेजच्या परीक्षांत गेले, मग मार्चमध्ये पांढरीची पाळी आली. आप्पांनी सकाळी स्वतः कापड काढलं, काच पुसली. मी रविवारी ती नांदेडला आणली आणि पुढच्या शनिवारी तिच्यातून लातूरला निघाले. पहिली फेरी अगदी सुखाची झाली. स्टेअरिंग हलकं, क्लच हलका, सगळं हाताशी. वाटलं, संपला प्रश्न. पण ऊन वाढत गेलं तसं एसी लावल्याशिवाय राहवेना. एसी लावला की चढाला तिसरा गिअर, कधी दुसरा. रस्ता आता चौपदरी झालाय. बाजूनं ट्रक शंभराच्या वेगानं जातात. एक गेला की गाडी कागदासारखी एका अंगाला सरकायची आणि मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसायचे.

तिसऱ्या शनिवारी, एप्रिलमध्ये, दुपारी दोनच्या सुमाराला अहमदपूरच्या अलीकडे चढ संपत असताना माझी नजर तापमानाच्या काट्यावर गेली. तो लाल पट्ट्यात होता. मी एसी बंद केला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

रस्त्याच्या कडेला एका लिंबाच्या झाडाखाली रसवंती होती. एक बाई एकटीच चरकात ऊस घालत होती. तिनं मला बघून हाक मारली, "या ताई, सावलीला बसा. आत्ताच झाकण उघडू नका बरं, तोंड भाजतंय."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि सावलीत जाऊन बसले.

मिस्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तिथंच थांब. कशाला हात लावू नको. मी येतो." ते अर्धापूरला बागेत होते. म्हणजे किमान दोन अडीच तास. मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवल्यावर वाटलं, हे असं किती वेळा होणार? दर वेळी मी झाडाखाली बसून कोणाची तरी वाट बघत राहणार का?

अर्ध्या तासानं बॉनेट उघडलं. वरचा जाड रबरी पाइप, ज्यातून रेडिएटरला पाणी जातं, तो क्लिपच्या तोंडाशी फाटलेला दिसला. बोटभर चीर. मी मिस्त्रींना फोन लावला आणि जे दिसतंय ते सांगितलं.

"चीर अगदी टोकाला आहे?"

"हो. टोकालाच."

"मग घाबरू नको. क्लिप ढिली कर. पाइप काढ. फाटलेला तुकडा कापून टाक आणि पाइप पुन्हा बसव. थोडा आखूड होईल, पण पुरेल. पाणी भर. एसी लावू नको. गरम हवेचा हीटर असतो ना, तो लाव. इंजिनची गरमी तिकडून निघते."

"एप्रिलमध्ये हीटर?"

"हाव बेटी, एप्रिलमध्ये. भाजून निघशील, पण पोचशील."

डिकीतून आप्पांचं फडकं काढलं. स्क्रू ड्रायव्हर मिळाला. सुरी मिळेना. रसवंतीवाल्या बाईनं उसाची साल काढायचा कोयता पुढे केला. पाइप एवढा ताठ झाला होता की हातानं वाकेना. तिनं एका बाजूनं धरला, मी कापला. तोंडाशी बसवताना दोनदा सटकला, तिसऱ्यांदा बसला. क्लिप आवळली. तिच्या घागरीतलं पाणी ओतलं. गाडी चालू केली आणि आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. एक थेंब गळला नाही.

"न्हाई गळत," ती म्हणाली. "जावा आता. दर दहा मिनटाला काटा बघा."

मिस्टरांना कळवलं की फाटलेला पाइप कापून पुन्हा बसला, निघाले आहे. ते एवढंच म्हणाले, "तू बसवलास?" मी हो म्हटलं. काचा खाली, हीटर चालू, बाहेर ऊन, आत त्याहून जास्त. चाकूरला थांबून पुन्हा पाणी घातलं. लातूरला पोचले तेव्हा साडी अंगाला चिकटली होती आणि तळहातांना काळं लागलं होतं.

आप्पा दारात उभे होते. सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"माझ्या हातात असताना तिनं असं कधी केलं न्हाई."

मला राग आला. दमलेही होते. "आप्पा, तुमच्या हातात असताना ती कधी दहा किलोमीटरच्या पुढं गेलीच नाही."

ते आत निघून गेले.

सोमवारची रजा टाकून मी पांढरी मिस्त्रींकडे नेली. आप्पाही आले, माझ्याशी न बोलता. मिस्त्रींनी एक एक पाइप वाकवून दाखवला, सगळ्यांना बारीक भेगा. पट्टा वाळलेला. टायरची नक्षी नव्यासारखी, पण कडांना चिरा.

"आप्पा, गाडी नई है तुमची," मिस्त्री म्हणाले. "पण रबर उभ्या उभ्या बुढ्ढा होतो. चालवा, न चालवा."

आप्पांनी बोटानं टायरच्या चिरा चाचपल्या. एक, मग दुसरी. बराच वेळ चाचपत होते. मग म्हणाले, "सगळं बदला." आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "पण तुझा हिशोब बराबर न्हाई. ती डिझेल तू थंडीत चालवलीस. माझी उन्हात."

हे मला सुचायला हवं होतं. एखाद्या मुलानं वहीत असं लिहून आणलं असतं तर मी लाल शाईनं गोल केला असता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मे महिन्यात पुन्हा करते. एक शनिवार ही, एक शनिवार ती."

मिस्टरांनी कपाळाला हात लावला. पण त्या वेळेपर्यंत त्यांनी मला अडवायचं सोडून दिलं होतं. उलट डिझेलच्या दाराचं हँडल त्यांनी स्वतः बसवून आणलं.

मे महिन्यात नवे पाइप, नवे टायर घालून पांढरी निघाली. काटा मध्यावरून हलला नाही. वेळ मात्र डिझेलपेक्षा अर्धा तास जास्त लागायचा आणि तिच्यात लातूरला पोचेपर्यंत माझी मान दगड होऊन जायची. पुढच्या शनिवारी डिझेल घेतली तर लोह्यातच एसीचा पंखा जळाला. करपल्याचा वास आला आणि हवा बंद. परत फिरावं असं क्षणभर वाटलं. मग ओढणी पाण्यात भिजवून डोक्याला गुंडाळली, काचा खाली घेतल्या आणि निघाले. काटा पाऊणपर्यंत चढला, तिथेच थांबला. गाडीनं काही त्रास दिला नाही, त्रास झाला तो मला.

मेच्या शेवटी लातूरला स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसले. डिझेल इंधनात पुढे, वेळेत पुढे, चढाला पुढे. पण बिघाडांची यादी दुप्पट लांब. पांढरीचे बिघाड कमी, पण एकच असा की त्यानं मला रस्त्यात थांबवलं. आणि आता तर तिचं सगळं नवं होतं. दोन्ही बाजूंनी बोलता येत होतं. मी बेरजा करून बघितल्या, रकान्यांना गुण देऊन बघितले. ठरेना.

आप्पा शेजारी बसून ताटातली ज्वारी निवडत होते. नजर अधू झाली तरी खडा त्यांच्या बोटाला कळतो.

"एक गोष्ट तुझ्या वहीत न्हाई," ते म्हणाले.

"कोणती?"

"पांढरीनं आलीस की तू पहिल्यांदा पाणी मागतीस. मग आडवी पडतीस. तासभर उठत न्हाईस. डिझेलनं आलीस की आधी डबे उघडतीस, मग इचारतीस, आप्पा, जेवलात का." ते ज्वारी निवडतच होते. "मागच्या शनिवारी ओलं फडकं डोक्याला बांधून आलीस, एसी बंद. तरी आल्या आल्या चूल पेटवलीस."

मी वही मिटली.

"तुला दर आठ दिवसाला यायचंय. वर्ष, दोन वर्षं, काय माहीत किती. जी तुला धड आणून सोडंल ती ठेव."

"पण आप्पा, पांढरी विकावी लागेल."

"ठावं हाय मला." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "तीच वाईट हाय असं म्हणू नको म्हणजे झालं."

"मी कुठं तसं म्हटलं?"

"त्या दिशी म्हटलीस. दहा किलोमीटरच्या पुढं गेली न्हाई म्हणलीस."

मी त्यांची माफी मागितली. दोन महिन्यांपूर्वीच मागायला हवी होती. ते "हं" म्हणाले आणि ताट परत पुढे ओढलं. थोड्या वेळानं त्यांचं पुढचं वाक्य आलं, त्यानं मला जास्त धक्का बसला.

"उद्या मी येतो तुझ्यासंगं. नांदेडला. बघू तरी कशी चालती."

तीन वर्षांत ते लातूरच्या बाहेर पडले नव्हते. मी उगाच आनंद दाखवला नाही, त्यांनी बेत बदलला असता. गुपचूप त्यांचे दोन धोतरजोडे आणि बनियन पिशवीत घातले.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत निघालो. चाकूरपर्यंत आप्पा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणाले, "चौथा लवकर टाकलास."

"काय?"

"गिअर. इंजिन अजून मागत होतं तिसरा." मग पुन्हा शांत. अहमदपूर सोडल्यावर म्हणाले, "पन्नासच्या वर गेली की उजवीकडून पुढून घूं आवाज यायलाय. कधीपासून?"

"तो टायरचा आहे. आमचे हे म्हणाले."

"टायरचा न्हाई. जरा डावीकडं वळव बरं हळूच. आता उजवीकडं. ऐकलंस? डावीकडं वळवताना वाढतोय. उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय."

नांदेडला पोचल्यावर मिस्टरांनी हसून सोडून दिलं. आप्पांनी हट्ट धरला. सोमवारी देगलूर नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये चाक उचलून हातानं फिरवलं, तर खडखड आवाज. कारागिरानं बेअरिंग काढून मिस्टरांच्या तळहातावर ठेवलं. आतल्या गोळ्या खरवडलेल्या होत्या.

"आजून हजार दोन हजार किलोमीटर गेली असती," तो म्हणाला. "मग चाक धरलं असतं."

मिस्टर संध्याकाळी आप्पांसमोर येऊन बसले. "मामा, चौदा वर्षं ही गाडी मी चालवली, तरी मला कळलं न्हाई."

"तुम्ही बघत होतात," आप्पा म्हणाले. "मला दिसत न्हाई म्हणून मी ऐकत होतो."

ते नांदेडला नऊ दिवस राहिले. दहाव्या दिवशी म्हणाले, चल, माझ्या घरी सोड.

पांढरी विकायला जून उजाडला. दोन दलाल येऊन गेले, आप्पांनी दोघांना चहा पाजून परत पाठवलं. मग मिस्त्रींच्या ओळखीनं उदगीरची एक नर्स आली. तिशीतली, नुकतंच लायसन्स काढलेली. घर ते दवाखाना सहा किलोमीटर, कधी रात्रपाळी, म्हणून गाडी हवी होती.

आप्पांनी तिला स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसून गल्लीत दोन चकरा मारायला लावल्या. मी मागे बसले होते.

"लांब न्यायची हाय का?"

"नाही काका. उदगीरच्या बाहेर मी जाणारच नाही."

"दर आठ दिवसाला टायरची हवा. दर महिन्याला पाइप वाकवून बघायचा, असा." त्यांनी हातानं दाखवलं. "भेग दिसली की बदलायचा. गाडी नवी दिसती म्हणून फसायचं न्हाई. मी फसलो."

तिनं मोबाइलवर सगळं लिहून घेतलं. कागदांवर सह्या झाल्या. सीटचं कव्हर मी काढून घेऊ का विचारलं, तर आप्पा म्हणाले, राहू दे, तिला बसायला लागंल. गाडी वळणावरून गेली आणि ते लगेच आत गेले. त्या दिवशी ते फारसं जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही.

दिवाळीनंतर डिझेलला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पुढं चालवायची तर आरटीओत तपासून पुन्हा पासिंग करून घ्यायला हवं. मिस्टर म्हणाले एजंटाला देऊ. मी म्हटलं, नको, मी नेते. आदल्या महिन्यात मी एक एक गोष्ट उरकली. एसीचा पंखा, मागची काच, धुरासाठी इंजेक्टरची सफाई, हेडलाइटची काच. तरी पहिल्या दिवशी गाडी नापास झाली. हँडब्रेक ओढून चढावर उभी केली तर इंच इंच मागे सरकत होती. तपासणारे साहेब म्हणाले, "हे करून आणा." त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी सपाट रस्त्यावर राहते, हँडब्रेक कधी नीट ओढून बघितलाच नव्हता.

मागचे ब्रेक लायनर नवे टाकून चौथ्या दिवशी पुन्हा रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे अकरा गाड्या, सगळ्यांजवळ पुरुष. दुपारचा डबा गाडीतच खाल्ला. चढावर गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, पाय सोडला. गाडी हलली नाही. साहेबांनी मागून दोन्ही हातांनी ढकलून बघितली. मग सही केली.

तिथूनच आप्पांना फोन लावला.

"झाली पास."

"हँडब्रेक धरला?"

"धरला."

"किती वर्षं दिली?"

"पाच."



"पाच वर्षं माझे डोळे टिकतील का गं?"

"टिकवू. दुपारचे थेंब घातलेत का?"

"घालतो की. चहा झाल्यावर."

"आत्ता घाला. मी फोन धरून थांबते."

त्यांनी फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, तशी मी एका हातानं स्टेअरिंग वळवून कडेला घेतली आणि कानाला फोन लावून तशीच थांबून राहिले.